संशयाची पुडी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भंगारातल्या पान्यांपासून बंद पडलेल्या घड्याळांपर्यंत सगळे मिळते. तिथेच एका पोत्यावर रचलेल्या इंग्रजी पुस्तकांतून गेल्या वर्षी मी एक जुनी कादंबरी वीस रुपयांना उचलली. नाव ‘स्ट्राँग पॉयझन’, लेखिका डोरोथी सेयर्स, प्रथम प्रकाशन १९३०. कागद पिवळा पडलेला, मागचे मुखपृष्ठ गायब. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती पंधरा दिवसांत वाचून काढली.

रहस्यकथांची गोडी मला अब्बांनी लावली. इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’चे अंक आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत असत. फरीदी, हमीद आणि इमरान ही आमच्या घरचीच माणसे. पुढे मराठीत बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार भेटला, कॉलेजात सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी भेटला. या कथांत खून होतो आणि मग गुन्हेगाराचा शोध सुरू होतो. सेयर्सबाईंच्या कादंबरीत मात्र पहिल्या पानावरच गुन्हेगार सापडलेला आहे. निदान कोर्टात बसलेल्या सगळ्यांना तसे वाटते. आरोपीच्या पिंजऱ्यात एक तरुण बाई उभी आहे आणि न्यायाधीश ज्युरीला पुरावा समजावून सांगत आहेत.

या कादंबरीत सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, खरेदी आहे. ते वाचताना मला आमच्या जुन्या मोहल्ल्यातली एक पुडी आठवली. तिची गोष्ट शेवटी सांगते. आधी कादंबरीविषयी, आणि मग आपल्या पुण्याविषयी.

पिंजऱ्यातली बाई

आरोपीचे नाव हॅरिएट व्हेन. ती स्वतः रहस्यकथा लिहून पोट भरणारी लेखिका आहे. फिलिप बॉइस नावाच्या लेखकाबरोबर ती काही काळ लग्न न करता राहिली. पुढे दोघांचे भांडण झाले आणि ती वेगळी झाली. एका रात्री फिलिप आपल्या वकील चुलतभावाकडे जेवला, तिथून हॅरिएटच्या घरी गेला, तिने दिलेली कॉफी प्यायला, आणि त्याच रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. काही दिवसांनी तो गेला. आधी सगळ्यांना पोटाचा आजार वाटला. नंतर संशय आला, प्रेत उकरून तपासले, तेव्हा सोमल सापडला.

तिच्याविरुद्धचा पुरावा ऐका. तिने खोट्या नावांनी औषधांच्या दुकानांतून विष विकत घेतले होते. ती म्हणते, नव्या कादंबरीसाठी मला पाहायचे होते की विष किती सहज मिळते. तिचे मृताशी भांडण झाले होते. शेवटचा पेला तिच्या हातचा होता. आणि चुलतभावाच्या घरच्या जेवणाचे काय? तिथे सगळ्यांनी तेच अन्न खाल्ले आणि कुणालाही काही झाले नाही. म्हणजे उरली फक्त कॉफी.

एवढे ऐकून तुम्हीही म्हणाल, हिनेच केले. न्यायाधीशांनाही तसेच वाटते. पण त्यांच्या बोलण्यात विषाइतकीच आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ही बाई लग्नाशिवाय एका पुरुषाबरोबर राहिली होती. जी एवढे करू शकते ती काय करणार नाही, असा त्याचा रोख.

इथे आपल्या घरांतल्या वाचकांना थोडे अडखळायला होईल. तिचे ते वागणे आपल्याला पटणारे नाही. मलाही पटले नाही. पण या कादंबरीचा कसच तिथे लागतो. आरोपी सोज्वळ, देवभोळी असती तर तिच्या बाजूने उभे राहायला काही लागले नसते. जिचे वागणे आपल्याला खटकते, तिच्यावर दुसऱ्याच गोष्टीचा आळ आला तर आपण पुरावा मागतो का? एका चुकीवरून दुसरा गुन्हा सिद्ध होतो का?

ज्युरीचे एकमत होत नाही. त्यात मिस क्लिम्पसन नावाची एक वयस्क, धार्मिक, अविवाहित बाई आहे. हॅरिएटची राहणी तिलाही पसंत नसणार. पण ‘मला खात्री वाटत नाही’ यावरून ती हटत नाही. खटला पुन्हा चालवावा लागतो आणि त्यामुळे महिनाभराची मुदत मिळते. या मुदतीत लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर खरा गुन्हेगार शोधतो. खरे तर निम्म्याहून अधिक शोध बायकाच लावतात. एक बाई टायपिस्ट बनून वकिलाच्या कचेरीत शिरते. मिस क्लिम्पसन दूरच्या गावी जाऊन एका आजारी म्हातारीच्या घरातून मृत्युपत्राचा माग काढते. ज्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, अशा एकट्या नोकरदार बायका एका बाईचा गळा फासातून सोडवतात.

खुनी कोण हे मी सांगत नाही. एवढेच सांगते की ‘सगळ्यांनी तेच खाल्ले, म्हणून जेवण निर्दोष’ हे वाक्य कोर्टात सगळ्यांनी मान्य केले होते आणि ते तपासून पाहायचे कुणाला सुचले नव्हते.

कादंबरीच्या आधीचा खरा खटला

हे सगळे कल्पनेतले, असे म्हणून सोडून देता आले असते. पण इंग्लंडमध्ये १८८९ साली लिव्हरपूलला असाच एक खटला खरोखर झाला होता. फ्लोरेन्स मेब्रिक या तरुण बाईवर नवऱ्याला सोमल घातल्याचा आरोप होता. तिने माश्या मारायचे कागद पाण्यात भिजत घातलेले घरातल्या नोकरांनी पाहिले होते. त्या कागदांत सोमल असे. ती म्हणाली, चेहऱ्याला लावायचे औषध करत होते. तिचे एका परपुरुषाला लिहिलेले पत्र मुलांच्या दाईने उघडून दिराच्या हाती दिले. बस्स, घरादाराचा निकाल लागला.

खरी परिस्थिती बरीच गुंतागुंतीची होती. नवऱ्याला स्वतःलाच सोमल आणि इतर औषधे घेण्याची जुनी सवय होती. प्रेतात सापडलेले सोमल माणूस मरण्याइतके नव्हते. मृत्यू विषाने झाला की पोटाच्या आजाराने, यावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते. तरीही बारा पुरुषांच्या ज्युरीने पाऊण तासाच्या आत तिला दोषी ठरवले. फाशीची शिक्षा झाली. लोकांनी ओरड केल्यावर ती जन्मठेपेवर आली. फ्लोरेन्स १९०४ साली सुटली. तोवर जवळजवळ पंधरा वर्षे गेली होती.

त्या खटल्याचे न्यायाधीश होते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हे नाव आपल्याकडच्या वकिलांना चांगले ठाऊक आहे. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा याच गृहस्थांनी लिहिला. दीडशे वर्षे आपल्या कोर्टांत तो चालला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी त्यातले पुष्कळसे नियम तसेच पुढे आले आहेत. त्या कायद्यात एक नियम स्पष्ट आहे. फौजदारी खटल्यात आरोपीचे चारित्र्य वाईट आहे, ही गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही. आरोपीने आपण होऊन चांगल्या चारित्र्याचा दाखला पुढे केला, तरच तो विषय निघतो.

हा नियम ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्याच स्टीफनसाहेबांनी सतरा वर्षांनी लिव्हरपूलच्या कोर्टात ज्युरीपुढे बोलताना त्या बाईच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांवर इतका भर दिला की त्याबद्दल त्यांच्यावर पुढे कायम टीका होत राहिली. १८९१ साली त्यांनी न्यायाधीशपद सोडले. नियम ठाऊक असून, लिहून ठेवूनही, प्रत्यक्ष समोर बदनाम बाई उभी राहिली की मोठमोठ्यांचा तोल जातो. मग आपल्या-तुपल्यासारख्यांची काय कथा!

पुण्याचे दोन खटले

आता आपल्या गावाकडे येऊ. विष आणि परिस्थितीजन्य पुरावा यांविषयी भारतभरच्या वकिलांना जे दोन निकाल पाठ असतात, ते दोन्ही पुण्यातल्या बायकांच्या मृत्यूंचे आहेत. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून गुन्हा सिद्ध करायचा, त्याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. विषाच्या प्रकरणांत बहुधा तोच असतो, कारण कुणी चारचौघांत विष घालत नाही.

पहिला खटला लक्ष्मीबाई कर्वे यांचा. या पुण्यातल्या एक सधन विधवा, मधुमेहाने आजारी. घरोबा असलेले डॉक्टर अनंत लागू त्यांच्यावर उपचार करत. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणून ते त्यांना रात्रीच्या गाडीने घेऊन निघाले. मुंबईला पोहोचल्या तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, पण दुसऱ्याच नावाने. काही तासांत त्या गेल्या. प्रेत बेवारस राहिले. इकडे पुण्यात मात्र लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली. आपण पुन्हा लग्न केले आहे आणि दूरगावी राहतो आहोत, असा मजकूर त्यांत होता. दरम्यान त्यांचा पैसा डॉक्टरांकडे जात होता.

विधवा बाई लग्न करून निघून गेली, ही गोष्ट लोक फार चौकशी न करता मानतील, असाच हिशेब त्या पत्रांमागे असणार. बाईच्या बदनामीचा उपयोग पडद्यासारखाही करता येतो.

प्रेताच्या तपासणीत विष सापडले नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी डॉक्टरांची फाशी कायम केली. निकाल न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी लिहिला. तेच पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचा आशय असा की विष सापडले नाही म्हणून गुन्हेगार सुटत नाही. खोटे नाव, आजाराची लपवलेली माहिती, बनावट पत्रे, हडप केलेली मालमत्ता, हे सगळे दुवे एकत्र जोडले की दुसरा अर्थच उरत नाही.

दुसरा खटला शरद सारडा यांचा. फेब्रुवारी १९८२ मध्ये बीडची एक मुलगी लग्न होऊन पुण्यात आली. तिचे नाव मंजू. चार महिन्यांनी, १२ जूनच्या सकाळी, ती अंथरुणात मृत आढळली. पोटात पोटॅशियम सायनाइड गेले होते. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिचे दुःख दिसत होते. नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचे आरोप होते. सगळ्यांचे बोट नवऱ्याकडे होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली.

१७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मुख्य निकाल न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांचा. तो गाजला तो त्यात मांडलेल्या पाच तत्त्वांमुळे. फजल अलींनी त्यांना परिस्थितीजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ म्हटले. मी ती माझ्या नववीच्या मुलींना सांगते तशी सांगते.

एक, प्रत्येक गोष्ट पक्की सिद्ध झालेली हवी. ‘असे असू शकेल’ आणि ‘असेच आहे’ यांत फार मोठे अंतर आहे. दोन, सिद्ध झालेल्या सगळ्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच जुळल्या पाहिजेत. तीन, त्या निर्णायक असल्या पाहिजेत. चार, तो निर्दोष असण्याची प्रत्येक शक्यता त्यांनी बाद केली पाहिजे. पाच, साखळी इतकी पूर्ण हवी की कुठेही दुवा निखळलेला नको.

विषाच्या प्रकरणात आणखी विचारायचे असते: विष देण्याचे कारण होते का, मृत्यू खरोखर विषानेच झाला का, ते विष आरोपीजवळ होते का, ते देण्याची संधी त्याला होती का. सारडा खटल्यात सायनाइड नवऱ्याजवळ असल्याचे सिद्ध झाले नाही. मुलीच्या पत्रांतली निराशा पाहता तिने स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता बाद होत नव्हती. आरोपीने खोटे सांगितले, एवढ्यावरूनही तुटलेला दुवा सांधता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आता हॅरिएटच्या खटल्याकडे वळून पाहा. विष होते, कारण होते, संधी होती. राहिले होते चौथे तत्त्व. ‘आणखी कुणी, आणखी कसे?’ हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मिस क्लिम्पसनला फजल अलींचा निकाल ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ती नेमकी त्याच जागी अडून बसली होती.

निर्दोष सुटला, म्हणजे काय?

हा निकाल शिकवताना एका मुलीने मला विचारले, “टीचर, मग त्या मंजूला न्याय कुठे मिळाला?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. चार महिन्यांची सून मेली, तिची पत्रे मागे राहिली. तिने स्वतःच विष घेतले असेल तरी ती वेळ तिच्यावर का आली, हा प्रश्न उरतोच. खुनाचा आरोप सिद्ध न होणे म्हणजे त्या घरात सगळे आलबेल होते असे नव्हे. म्हणूनच त्याच वर्षांत कायदा बदलला. १९८३ साली विवाहितेच्या छळासाठी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सुनेचा संशयास्पद मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर उत्तर देण्याची जबाबदारी सासरच्यांवर आली.

मी त्या मुलीला एवढेच म्हटले की चुकीच्या माणसाला फाशी देऊन मेलेल्या मुलीला न्याय मिळत नाही, आणि पुरावा अपुरा आहे म्हणून तिचे दुःख खोटे ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवायला जड जातात. पण न्याय करायचा तर त्या धरूनच ठेवाव्या लागतात.

तीन सदरे आणि एक हार

आपल्या घरांत हा धडा नवा नाही. सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकतो. भावांनी यूसुफ (अलै.) यांना विहिरीत टाकले आणि त्यांच्या सदऱ्याला खोटे रक्त लावून बापापुढे ठेवले. सांगितले, लांडग्याने खाल्ले. तो बनावट पुरावा होता आणि हजरत याकूब (अलै.) यांनी तो मानला नाही. पुढे मिस्रमध्ये अजीजच्या पत्नीने यूसुफ (अलै.) यांच्यावर आळ घेतला, तेव्हा तिच्याच घरच्या एका माणसाने सांगितले, सदरा पाहा. पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर ते खरे. सदरा मागून फाटलेला होता. परिस्थितीजन्य पुराव्याचा याहून सोपा धडा मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तिसरा सदरा बापाची दृष्टी परत आणणारा.

पण त्या कथेतली एक गोष्ट आपण भराभर ओलांडून जातो. सदरा मागून फाटल्याचे दिसल्यानंतरही यूसुफ (अलै.) यांना कैद झालीच. खरे काय ते कळले, तरी शिक्षा त्यांनाच.

हजरत आयेशा (रजि.) यांचा प्रसंगही सर्वांना ठाऊक आहे. हरवलेला हार शोधताना त्या काफिल्याच्या मागे राहिल्या, आणि मदिनेत महिनाभर कुजबूज चालली. सूरह नूरमध्ये त्यांची निर्दोषता जाहीर झाली. पाक बायकांवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके, आणि त्याची साक्ष पुढे कधीही मानायची नाही, असा हुकूम आला. हदीसमध्ये येते की प्रेषित (सल्ल.) यांनी हजरत जैनब (रजि.) यांना विचारले, तेव्हा सवत असूनही त्या म्हणाल्या की मला आयेशांबद्दल चांगल्याशिवाय काही ठाऊक नाही. त्यांच्याच सख्ख्या बहिणीने मात्र ती अफवा पसरवण्यात भाग घेतला होता. एकाच घरातल्या दोघी बहिणी, दोन वाटांनी गेल्या.

आमच्या मोहल्ल्यातली पुडी

आता मी म्हटले होते ती गोष्ट.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही गंज पेठेत राहत होतो. खालच्या खोलीत एक मेकॅनिक, त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी राहत. बायकोला आम्ही भाभी म्हणत असू. नवरा-बायकोचे भांडण जिन्यात ऐकू येई. एका रात्री जेवण झाल्यावर त्याला उलट्या झाल्या, छातीत कळा आल्या. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला. वय पस्तीसही नव्हते.

मय्यतीच्याच दिवशी नणंद म्हणाली, “रात्री काय वाढलं होतं कोण जाणे.” भाभी मोठ्याने रडली नव्हती, हेही कुणाच्या तरी लक्षात आले. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला आठवले की आठ दिवसांपूर्वी तिने किराणा दुकानातून उंदीर मारायचे औषध आणले होते. चौकीवरचे हवालदार दोनदा येऊन गेले. इद्दतीत बसलेल्या बाईला पडद्याआडून विचारले, पुडी कुठे आहे? तिने अर्धी पुडी काढून दिली. उरलेली अर्धी कुठे गेली? ती म्हणाली, वापरली.

उरलेली अर्धी आमच्या घरात होती. आमच्याकडेही उंदीर झाले होते, मीच तिला सांगितले होते की भाभी, आणशील तर थोडे मलाही दे. कागदात गुंडाळलेली ती पुडी आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर होती.

मी बोलले नाही. मी नुकतीच शाळेत लागले होते, घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. अम्मी म्हणाल्या, “पोलिसांच्या तोंडी आपलं नाव नको.” मला तेच हवे होते. त्याहून वाईट म्हणजे, शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, “हो, औषध आणलं होतं म्हणे.” माझ्या फळीवरच्या पुडीबद्दल मी ‘म्हणे’ म्हणाले.

दीड-दोन महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. विष नव्हते. हृदयविकाराने मृत्यू. पोलिसांनी प्रकरण बंद केले. पण तोवर सासरच्यांनी खोली रिकामी करून घेतली होती आणि भाभी मुलीला घेऊन माहेरी गेली होती. अहवाल जिना चढून कुणाच्या घरी गेला नाही. अफवा मात्र घरोघर गेली होती.

चार वर्षांपूर्वी कोंढव्यात एका लग्नात ती मला भेटली. शेजारी लेक उभी होती, उंच, चष्मा लावलेली, नोकरी करणारी. ताट हातात घेऊन आम्ही एका बाजूला बसलो. मी एवढ्या वर्षांची गोष्ट एका दमात सांगून टाकली. अर्धी पुडी माझ्याकडे होती आणि मी गप्प बसले.

ती म्हणाली, “मला काय ठाऊक नव्हतं? मीच तर दिली होती.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “हवालदारानं विचारलं, तेव्हा तुझं नाव ओठांवर आलं होतं. पण तुझं लग्न ठरत होतं. म्हटलं, एकीचं वाटोळं झालंय तेवढं पुरे.”

मी रडू लागले तेव्हा तिने मला पाणी दिले. माफ केले असे ती म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही. तिने फक्त लेकीला हाक मारून सांगितले, “ही आपल्या वरच्या खोलीतली टीचर.”

तीन प्रश्न

भाभीची गोष्ट मी वर्गात सांगत नाही. पण त्या लग्नानंतर दरवर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिते आणि मुलींना ते वहीत उतरवून घ्यायला लावते. कुणाबद्दल काही ऐकले की आधी विचारायचे: हे मला कसे कळले, पाहिले की ऐकले? याचा दुसरा काही अर्थ असू शकतो का? आणि मला यातले काही असे ठाऊक आहे का, जे मी सांगत नाही?

पहिले दोन प्रश्न सारडा निकालातल्या पाच तत्त्वांतूनच काढलेले आहेत. हॅरिएटच्या न्यायाधीशांनी दुसरा विचारला असता तर कादंबरी पहिल्याच प्रकरणात संपली असती. तिसरा प्रश्न कुठल्या निकालात नाही. तो माझा आहे.

वाचक भगिनींनो आणि भावांनो, आपल्यापैकी फार थोड्यांवर कोर्टात साक्ष द्यायची वेळ येते. पण घरच्या दस्तरखानावर, मय्यतीच्या घरी, जिन्यात आणि आता मोबाइलच्या गटांत आपण रोज साक्ष देतो. या महिन्यात तुमच्या मोहल्ल्यात कुणाबद्दल काही चालले असेल, तर आपल्या स्वयंपाकघराची फळी एकदा पाहून घ्या. तिथे एखादी अर्धी पुडी असेल, तर ती आजच बाहेर काढा. वीस वर्षांनी लग्नाच्या मांडवात काढून तिचा काही उपयोग होत नाही.